उंदीर पडले की गाव सोडावे : भोर-वेल्ह्याच्या डोंगरातून तीन साथींकडे पाहताना

आजचा धागा थोडा लांब आहे. निवांत वेळ असेल तेव्हा वाचावा.

दोन तारखांपासून आरंभ करू. १३ मार्च १८९७ : पुणे शहरात लष्कराच्या तुकड्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी घरांच्या झडत्या घेण्यास सुरुवात केली. १३ मार्च २०२० : महाराष्ट्र शासनाने करोनासाठी ‘साथरोग प्रतिबंधक कायदा’ लागू केला. तारीख जुळणे हा योगायोग. परंतु कायदा मात्र तोच, १८९७ चा. मधल्या १२३ वर्षांत साम्राज्य गेले, संस्थाने विलीन झाली, राज्यघटना आली, आणि साथ येताच सरकारने कपाटातून काढले ते हेच जुने कागद.

२०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पुणे जिल्ह्यात रुग्णसंख्या पुन्हा चढू लागली, तेव्हा भोर आणि वेल्हे तालुक्यांत दोन प्रकारचा संताप एकाच वेळी ऐकू येत होता. ‘लोक मास्क लावत नाहीत, लग्नांत गर्दी करतात, यांना कोणी आवरत का नाही?’ हा एक. ‘आमच्यावरच निर्बंध कशाला?’ हा दुसरा. बहुधा एकच माणूस सकाळी पहिले वाक्य म्हणे आणि संध्याकाळी दुसरे. या विसंगतीला हसण्यापूर्वी तिचा इतिहास पाहावा, म्हणून हा प्रपंच.

प्रथम भूगोल. भोर हे नीरेकाठचे गाव आणि पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातील सचिव शंकराजी नारायण हे या घराण्याचे मूळ पुरुष. संस्थानाचे पाच विभाग होते : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. तालुक्यांना किल्ल्यांची नावे देणारे हे संस्थान दुर्गप्रेमींना मनापासून आवडावे असेच आहे. आजचा वेल्ह्याचा मुलूख, म्हणजे तोरण्याच्या पायथ्याची आणि कानंदी-गुंजवणी खोऱ्यांतील गावे, याच संस्थानात मोडत असे. प्लेगच्या काळात गादीवर पंतसचिव शंकरराव चिमणाजी होते. पुण्याचा कलेक्टर हाच संस्थानाचा पोलिटिकल एजंट असे. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने सीमा वेगळी असली, तरी पुण्यात शिंक आली की भोरला रुमाल काढावा लागे.

आता १८९६. सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मुंबईतून लोकांचे लोंढे बाहेर पडले आणि रोग त्यांच्याबरोबर, त्यांच्या धान्याच्या पोत्यांबरोबर पुण्यास पोहोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा संमत झाला. तो आवर्जून वाचावा. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा होता. सरकारला आवश्यक वाटतील ते उपाय करण्याची मुभा, ते न पाळणाऱ्यास दंड संहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा, आणि ‘सद्हेतूने’ काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर कोणताही दावा चालणार नाही, हे चौथे. रुग्णाला कोणते हक्क आहेत, याविषयी त्यात एक अक्षरही नाही.

पुण्याच्या प्लेग समितीच्या अध्यक्षपदी वॉल्टर चार्ल्स रँड यांची नेमणूक झाली. झडत्यांसाठी सुमारे ९०० अधिकारी व सैनिक कामास लावले गेले. स्त्रियांचा मान राखावा, धर्मभावना दुखवू नयेत अशा सूचना कागदावर होत्या. प्रत्यक्षात सोजीर देवघरापर्यंत शिरले, चव्हाट्यावर माणसांच्या काखा-जांघा तपासल्या गेल्या, सामान जाळले गेले, नातलगांची ताटातूट झाली. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना, गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी काय केले हे आपणांस ठाऊक आहे. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मरण पावला.

या कथेतील एक भाग मात्र बहुधा गाळला जातो. लोकमान्य टिळकांचा विरोध झडत्यांच्या पद्धतीस होता. विलगीकरणाच्या तत्त्वास नव्हता. ते स्वतः शहरात राहिले, हिंदू प्लेग रुग्णालयाच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला, आणि साथ येताच पुणे सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली. त्याच महिन्यांत, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने गेल्या. म्हणजे ‘जुलमी सरकार विरुद्ध अडाणी जनता’ किंवा ‘शहाणे सरकार विरुद्ध बेपर्वा जनता’ ही दोन्ही चित्रे अपुरी आहेत. खबरदारी हवी असे म्हणणारी आणि ती स्वतः अंमलात आणणारी माणसे आपल्यातच होती. त्यांना नको होता तो खबरदारीच्या नावाखालचा अपमान.

रँडच्या वधानंतर, आणि १८९८ च्या मार्चमध्ये मुंबईत झालेल्या दंग्यानंतर, सरकार हळूहळू नरमले. सक्ती कमी झाली, स्थानिक प्रतिष्ठितांचे सहकार्य घेतले जाऊ लागले. आणि साथ? ती वाढत गेली. १८९९ ची साथ पुण्याने पाहिलेल्या सर्वांत भीषण साथींपैकी एक होती. १९०४ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक माणसे मेली. स्वतः टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ मध्ये प्लेगनेच गेला.

येथे घाईने निष्कर्ष काढणारे म्हणतील : पाहा, सक्ती सैल केली आणि माणसे मेली. तसे नाही. १८९४ मध्ये हाँगकाँग येथे येर्सिनने प्लेगचा जंतू शोधला होता, पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे रँडला ठाऊक नव्हते. उंदरावरील पिसू हा दुवा पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविला, आणि तोही मान्य होण्यास काही वर्षे गेली. सोजीर माणसे शोधत होते. रोग उंदरांत होता. घर धुऊन, सामान जाळून, मोऱ्यांत औषध ओतून काय साधले असेल? उंदीर शेजारच्या घरी गेले.

आणि आता डोंगरातील गोष्ट. या धाग्याचे शीर्षक तिच्यावरूनच घेतले आहे. सरकारी प्रयोगशाळांना जे कळायला वेळ लागला, ते खेड्यांतील लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. आधी घरात उंदीर मरून पडतात, मग माणसांना गाठ येते. ‘उंदीर पडले’ हा शब्दप्रयोग मराठीत तेव्हाच रूढ झाला. उंदीर पडले की घरे सोडायची, गावाबाहेर शेतात झोपड्या घालायच्या आणि साथ ओसरेपर्यंत तेथेच राहायचे. कोणा अधिकाऱ्याने शिकविण्यापूर्वीच अनेक गावे हे करू लागली होती, आणि पुढे सरकारनेही गाव रिकामे करणे हा सर्वांत परिणामकारक उपायांपैकी एक मानला. पिसवांपासून दूर जाणे, हेच त्यामागचे शास्त्र. फक्त त्याला नाव नंतर मिळाले.

अर्थात हे सर्वांना सारखे सोपे नव्हते. ज्याची स्वतःची जमीन आहे तो तिच्यात झोपडी घालेल. बलुतेदाराने आणि भूमिहीनाने कोठे जावे? शिवाय मावळचा पाऊस. देशावर माळरानात कुडाची खोपटी उभी राहते. तोरण्याच्या पायथ्याला श्रावण-भाद्रपदात भाताची खाचरे पाण्याने भरलेली असतात आणि धुक्यात हाताला हात दिसत नाही. तेथे लेकरे-गुरे घेऊन बाहेर राहणे म्हणजे प्लेग टाळून थंडीतापाला आमंत्रण. ज्यांनी घर सोडले नाही, त्यांना सरसकट बेपर्वा म्हणताना हे खाचर डोळ्यांपुढे असावे.

याच काळात लसही आली. हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ती तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. तिच्याविषयी अफवांचे पीक आले. त्यातच ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. कुपीत दोष शिरला होता, तो लसीचा नव्हे. पण हाफकिन यांच्यावरील ठपका पुसला जाण्यास १९०७ उजाडले. अविश्वासाला एक खरी घटना मिळाली की शंभर खोट्यांना पाय फुटतात. परळच्या त्याच हाफकिन संस्थेच्या परिसरातील कंपनीला २०२१ च्या एप्रिलमध्ये कोव्हॅक्सिन तयार करण्याची परवानगी मिळाली, हे जाता जाता.

दुसरी साथ १९१८ ची. मानमोडी. जूनमध्ये मुंबई बंदरात आलेला इन्फ्लुएन्झा पावसाळ्याअखेर पुन्हा उसळला. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. या वेळी ना रँड होता, ना झडत्या. महायुद्धामुळे डॉक्टर आघाडीवर, त्यात पाऊस दगा दिलेला, धान्य महाग. सरकारने फारसे काही केलेच नाही, आणि देशी वृत्तपत्रांचा रोष या वेळी त्यासाठीच होता. १८९७ मध्ये ‘आमच्या घरात का शिरता?’ असे विचारणारा समाज एकवीस वर्षांनी ‘आमच्याकडे कोणी फिरकत का नाही?’ असे विचारीत होता. मला ही विसंगती वाटत नाही. दोन्ही प्रश्नांमागे एकच मागणी आहे : आम्हांला माणूस समजून या, पण या.

मावळातील माणूस पोटासाठी मुंबईस जातो, ही जुनी रीत. गिरण्या, गोद्या, पुढे माथाडीचे काम. म्हणून मुंबईची साथ सह्याद्रीतील आडगावाला परकी कधीच नसते. साथ आली की मुंबईकर घराकडे निघतो आणि गाव त्याच्याकडे एकाच वेळी मायेने आणि भीतीने पाहते. ही भीती विधींतही उतरली आहे. मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडायचा, म्हणजे रोग पुढच्या गावाच्या हद्दीत. पुढचे गाव तो आणखी पुढे ढकलणार. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये महाराष्ट्रातील कितीतरी खेड्यांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकून रस्ते अडविले, तेव्हा मला तो गाडाच आठवला. परतलेल्या चाकरमान्यांना चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवले जाई. घरचा डबा शाळेच्या पायरीवर ठेवून आई लांब उभी राही.

पहिल्या लाटेत ही अशी शिस्त. मग वर्षभरात सैलपणा कोठून आला? २०११ च्या जनगणनेनुसार वेल्हे तालुक्याची लोकसंख्या अवघी सुमारे ५४ हजार, भोरची १ लाख ८६ हजार. वस्ती विरळ, डोंगर दाट; ‘आपल्याकडे काही होत नाही’ असे वाटणे स्वाभाविक होते. पण दोष केवळ वाटण्याचा नव्हे. १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यातील साडेबारा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले. त्याआधी प्रचार आणि नंतर गुलाल. निवडणूक चालते तर लग्न का नाही, या प्रश्नाला कोणत्याही तलाठ्याकडे उत्तर नव्हते. मार्चमध्ये पुणे जिल्हा देशातील सर्वाधिक सक्रिय रुग्णांच्या जिल्ह्यांत अग्रभागी होता. एप्रिलच्या अखेरीस लग्नास पंचवीस माणसे आणि दोन तास, एवढीच मुभा उरली.

आणि आपण दुर्गप्रेमी? जिल्हा प्रशासनाने पावसाळी पर्यटनावर बंदी घातली असतानाही शहरातून गाड्या येतच होत्या. गुंजवण्याची, वेल्ह्याची माणसे पोलीस नाक्याकडे पाहून चिडत होती, ती ‘लोक नियम पाळत नाहीत’ म्हणून; आणि त्यातले काही चिडत होते ते पर्यटक बंद झाल्याने चूल बंद पडली म्हणून. राजगडाच्या पायथ्याला झुणका-भाकर विकणाऱ्या बाईला हे दोन्ही राग एकाच दिवशी येऊ शकत होते. तिची अडचण समजून न घेता लिहिलेला साथीचा इतिहास मला अपुरा वाटतो.

कायद्याकडे परत येऊ. १८९७ चा कायदा अधिकाऱ्याला संरक्षण देत होता. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने त्यात आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी शिक्षा आली. म्हणजे सव्वाशे वर्षांनंतरही साथीत डॉक्टरवर हात उगारला जातो, हे सरकारनेच नोंदवून ठेवले.

शेवटी मोजणी. १९१८ मध्ये माणसे इतक्या वेगाने गेली की नोंद ठेवणारी यंत्रणाच कोलमडली; पाटील-कुलकर्णीही अंथरुणावर. हिंदुस्थानातील मृतांचा आकडा, अंदाजे सव्वा कोटी ते दोन कोटी, हा पुढे अभ्यासकांनी नोंदींतल्या आणि जनगणनांतल्या तफावतीवरून काढला. १९२१ ची जनगणना ही भारताची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली दाखविणारी एकमेव जनगणना आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाख दिला. सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता आणि सरकारने तो अंदाज अमान्य केला. पुढची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती. ती साथीमुळेच पुढे ढकलली गेली.