एका भिंतीतील दोन परंपरा

भिलाईचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांस ताप म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो, रस्ते ओस पडतात आणि क्वार्टरच्या खिडकीत बसविलेल्या कूलरपुढे सारे कुटुंब गोळा होते. नागपूरकडून इकडे बदलून आलेल्या आम्हां मंडळींस यात नवल वाटत नाही. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत हा दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच प्रांतात होते. वाळ्याचे पडदे भिजवून झळा परतविण्याची विद्याही दोन्हीकडे एकच. हिवाळ्यात मात्र कूलर बाहेर जातो आणि कोपऱ्यात शेगडी किंवा विजेचा हीटर येतो. वारा निराळा, विस्तव निराळा; आणि कोणते केव्हा चालवावे हे ठरविणारी गृहिणी तिसरी.

या तिसऱ्या व्यक्तीचे काम यंत्राकडे कसे गेले आणि त्यातून कोणता घोटाळा उद्भवला, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. तो आठवण्यास निमित्त घडले ते आमच्या एका स्नेह्यांच्या पत्राचे. भिलाईच्या कारखान्यात विद्युत् विभागात सारी हयात घालवून ते निवृत्त झाले आणि गेल्या हिवाळ्यात कन्येकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात जाऊन राहिले. त्या पत्राकडे वळण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे.

ताप आपोआप राखण्याची युक्ती प्रथम माणसांकरिता निघाली नाही, कोंबडीच्या अंड्यांकरिता निघाली. सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने अंडी उबविण्याची अशी पेटी केली की, ऊब वाढताच आतील द्रव प्रसरण पावे आणि भट्टीची झडप आपोआप लोटली जाई. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने पितळ व पोलाद यांच्या पट्ट्या एकमेकींस जोडल्या. दोन धातू सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, म्हणून तापताच ती जोडपट्टी वाकते. १८३० साली अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनज्ञाने याच तत्त्वावर नियंत्रकाचे पेटंट घेतले आणि त्यास ‘थर्मोस्टॅट’ हे नाव दिले. १८८३ मध्ये विस्कॉन्सिनमधील वॉरन जॉन्सन या शिक्षकाने विजेच्या घंटीशी त्याची सांगड घातली. वर्ग गार की गरम हे पाहण्यासाठी शिपायाने पुनःपुन्हा दार उघडून पाठात व्यत्यय आणू नये, एवढाच त्याचा हेतू होता! दोनच वर्षांनी मिनियापोलिसच्या अल्बर्ट बुट्झने कोळशाच्या भट्टीची झडप विजेने उघडण्या-मिटण्याची सोय केली.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही सारी कथा विस्तवाची आहे. थंडाव्याची कथा निराळ्या दाराने घरात आली. १९०२ साली विलिस कॅरियरने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी शीतयंत्र योजिले, तेही माणसांच्या सुखासाठी नव्हे. दमट हवेने कागद फुगे आणि रंगांवर रंग नीट बसेनात, म्हणून. सामान्य अमेरिकन घरांत असा थंडावा शिरला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. तोवर तेथील जुन्या घरांत तळघरातील बॉयलर, त्यातून निघणारे गरम पाण्याचे नळ आणि खोल्याखोल्यांतून रेडिएटर अशी व्यवस्था पक्की झाली होती. थंड हवा या नळांतून नेता येत नाही. म्हणून माळ्यावर निराळे यंत्र बसले, त्याच्या हवेच्या वाटा निराळ्या झाल्या, आणि नियंत्रणासाठी चोवीस व्होल्टचा प्रवाह देणारा ट्रान्सफॉर्मरही निराळा आला. एका छपराखाली दोन संस्थाने नांदू लागली.

जुना थर्मोस्टॅट हा केवळ खटका होता. पारा कलंडला की तार जुळे, परत कलंडला की तुटे. स्वतःसाठी त्यास वीज लागत नसे. गेल्या दीड दशकांत रूढ झालेल्या ‘हुशार’ थर्मोस्टॅटची गोष्ट वेगळी. त्यास पडदा आहे, स्मरण आहे, वायरलेस संपर्क आहे. म्हणून त्यास अखंड विजेचा आहार लागतो. शिवाय एकाच पेटीने विस्तव आणि वारा या दोन्ही संस्थानांचा कारभार पाहावा, अशी अपेक्षा असते.

आता पत्राकडे वळू. कन्येच्या घरी उन्हाळ्यात असा एक नवा थर्मोस्टॅट बसविला होता. थंडावा उत्तम मिळाला. डिसेंबरात बर्फ पडू लागले तेव्हा पडद्यावर उष्णता चालू असल्याची खूण दिसे, पण रेडिएटर गारच. घरात तीन महिन्यांचे तान्हे मूल. शिवाय अशा थंडीत घर फार काळ गार राहिले तर नळांतील पाणी गोठून नळ फुटतात. कन्या घाबरून म्हणाली, “बाबा, बॉयलरच बिघडला असणार. नवा घ्यावा लागेल.”

“बॉयलरला दोष देण्याआधी भिंतीत काय आहे ते पाहू,” असे म्हणून त्यांनी प्रथम दोन्ही यंत्रांची वीज बंद केली. दोन्ही म्हणण्याचे कारण हे की, एक बंद केल्याने दुसऱ्याची तार मृत होत नाही. पेटी काढताच दोन निरनिराळ्या केबली दिसल्या. माळ्यावरून आलेल्या केबलीत अनेक तारा होत्या आणि त्या सर्व जागच्या जागी होत्या. तळघरातून आलेल्या केबलीत दोनच तारा. त्यांतील पांढरी उष्णतेच्या खुंटीस जोडलेली. तांबडी मात्र निरुपयोगी समजून चिकटपट्टी गुंडाळून भिंतीत लोटलेली!

दोष तेथेच होता. थर्मोस्टॅट उष्णता मागे तेव्हा माळ्यावरील ट्रान्सफॉर्मरची वीज तो पांढऱ्या तारेत सोडी. पण त्या विजेस आपल्या उगमाकडे परतण्याची वाट बॉयलरमधून नव्हती. वर्तुळ पुरे होत नसल्यामुळे बॉयलरला हाक पोहोचतच नव्हती. आमच्या स्नेह्यांनी त्या दोन तारा फक्त चोवीस व्होल्टच्याच आहेत याची खात्री केली (घरगुती दाबाची वीज असती तर त्यांस हात लावणे प्राणघातक ठरते), दोन्हींची टोके एकमेकांस जोडली आणि मग बॉयलरची वीज चालू केली. बॉयलर घुमू लागला. म्हणजे बॉयलर निर्दोष, चूक भिंतीत. वीज पुन्हा बंद करून त्यांनी तांबडी तार उष्णतेच्या स्वतंत्र खुंटीत बसविली, थंडाव्याची तांबडी तिच्या खुंटीत राहू दिली, आणि दोहोंस सांधणारा लहानसा दुवा काढून टाकला.

हा दुवा एकाच ट्रान्सफॉर्मरच्या घरासाठी असतो. दोन ट्रान्सफॉर्मरांच्या घरी तो राहिला, त्यांच्या परतीच्या ताराही कोठे मिळाल्या आणि दोन्ही प्रवाह उलट कलेचे निघाले, तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. काही नव्या थर्मोस्टॅटांत दोन प्रवाहांसाठी दोन खुंट्याच नसतात. तेथे मध्ये रिले बसवावा लागतो. यंत्रास स्वतःचा आहार देणारी परतीची तारदेखील ज्या ट्रान्सफॉर्मरची वीज ते घेते, त्याच ट्रान्सफॉर्मरची असली पाहिजे.

स्नेह्यांनी शेवटी लिहिले आहे की, हे त्यांस भिलाईनेच शिकविले. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीत हजार अंशांच्या आसपास तापविलेली हवा फुंकतात आणि त्याच वेळी तिच्या कवचास पाण्याने अखंड थंड ठेवतात. झोताची व्यवस्था निराळी, पाण्याची निराळी. दोहोंवर देखरेख एका ठिकाणाहून होते, पण एकीचे काम दुसरीवर सोडता येत नाही.

आपण बदलीची माणसे. नव्या गावी कार्यभार घेताना आधीच्या अधिकाऱ्याने कोणते कागद का बांधून ठेवले, हे पाहिल्यावाचून आपण सही करीत नाही. उन्हाळ्यात तो थर्मोस्टॅट बसविणाऱ्याने तेवढेच केले नाही. त्या वेळी निरुपयोगी दिसलेली तार हिवाळ्याची होती. ती जागी बसली त्या रात्री, स्नेही लिहितात, रेडिएटरची कुजबुज सुरू झाली आणि तान्हे मूल पहाटेपर्यंत निवांत झोपले.