जुन्या जीपचा गळका स्टीअरिंग बॉक्स : तेल की ग्रीस?

दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीप आणि १९४७ पासून भारतात जुळणी होऊ लागलेल्या तिच्या वंशातील जीपगाड्या यांच्या स्टीअरिंग बॉक्समधून तेल गळणे हे नित्याचे दुखणे आहे. फरशीवर काळसर डाग दिसू लागला, की बॉक्समध्ये चाकांच्या बेअरिंगचे घट्ट ग्रीस भरण्याचा सल्ला हमखास मिळतो. गळती त्याने थांबतेही. मात्र ग्रीसने भरलेला बॉक्सही नेमक्या जागी कोरडा पडू शकतो, आणि ते बाहेरून कळत नाही.

या गाड्यांत रॉस पद्धतीची ‘कॅम आणि लिव्हर’ रचना असते. स्टीअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला सर्पिल खाचेचा कॅम असतो. त्या खाचेत लिव्हरवरील निमुळत्या पिना सरकतात आणि लिव्हरच्या शाफ्टवर बसवलेला पिटमन आर्म पुढची चाके वळवतो. पिना खाचेत लोळत नाहीत, घासत जातात. म्हणून तेथे वंगणाचा थर सतत नव्याने पोहोचावा लागतो. तेलाच्या बाबतीत हे आपोआप घडते. पिन पुढे सरकली, की मागची जागा तेल भरून काढते. एनएलजीआय २ प्रतीचे ग्रीस एकदा बाजूला सारले गेले, की तेथेच थिजून राहते. गोठलेल्या तुपात बोट फिरवल्यावर चर उरतो, तसाच हा प्रकार. मग कॅम आणि बेअरिंग झिजतात, स्टीअरिंगला खेळ येतो, आणि भरधाव गाडी सरळ ठेवणे अवघड होते.

बॉक्स धड असेल तर ईपी गिअर ऑइलच योग्य. स्टीअरिंग बॉक्स गिअरबॉक्सइतका तापत नाही, त्यामुळे किंचित पाझर असल्यास एसएई ९० ऐवजी दाट १४० वापरता येते. १०० अंश सेल्सिअसला ९० ची श्यानता १३.५ सेंटिस्टोकपासून सुरू होते, तर १४० ची किमान २४ असते. ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात सकाळी चक्र थोडे जड लागेल. गोव्यात तो प्रश्न नाही. शाफ्टचे बुश पितळी किंवा कांस्याचे असल्यास जीएल-४ प्रत अधिक निर्धोक.

गळती याहून जास्त असेल तर एनएलजीआय ०० प्रतीचे अर्धप्रवाही ग्रीस हा मधला मार्ग आहे. मृदुता मोजण्याच्या प्रमाणित चाचणीत त्याचा वेधनांक ४०० ते ४३०, तर घट्ट ग्रीसचा २६५ ते २९५ असतो. म्हणजेच ते सीलमधून सहज निसटत नाही, पण पिनांमागे हळूहळू परत येते. जुने ग्रीस आधी पूर्ण काढावे. लिथियम आणि पॉलियुरिया जातीची ग्रीसे एकत्र आली तर मिश्रण पातळ होऊ शकते.

हे सारे सील बदलेपर्यंतचे. लिव्हर शाफ्टचे ऑइल सील आणि बाजूच्या झाकणाचे गॅस्केट या गळतीच्या मुख्य जागा. बुश झिजलेले असेल तर शाफ्ट डगमगतो आणि नवे सीलही लवकरच गळते. तेव्हा दोन्ही एकदमच बदलावीत.

वंगण वरच्या प्लगमधून सावकाश भरावे. ग्रीसगनच्या दाबाने ते दांड्याच्या नळीतून वर चढते. भरल्यावर चक्र दोन्ही टोकांपर्यंत काही वेळा फिरवून अडकलेली हवा निघू द्यावी आणि पातळी पुन्हा पाहावी.