गोदावरीचा गाळ आणि वादळांचा किनारा

मराठवाड्यातल्या गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळे आंध्रचा किनारा किती खातात, याच्याशी या तालुक्याचे नाते आहे. या शिवारातले पाणी अखेर गोदावरीला मिळते आणि गोदावरीच्या गाळावरच तिथला त्रिभुज प्रदेश उभा आहे. काकीनाड्यासमोरचे होप बेट, म्हणजे सुमारे 16 किलोमीटर लांबीचा वाळूचा दांडा, नदीने आणि लाटांनी मिळून गेल्या दोनेकशे वर्षांत घडवला. खुल्या समुद्राचा मारा तो स्वतः झेलतो, म्हणून त्याच्या आडोशाला काकीनाड्याचे बंदर आणि कोरिंग्याची खारफुटी टिकून आहेत.

जवळचेच कोरिंगा हे एके काळी जहाजबांधणीचे नावाजलेले बंदर. डिसेंबर 1789 आणि नोव्हेंबर 1839 मधल्या वादळी उधाणांनी ते उद्ध्वस्त केले. या ऱ्हासाचे सारे खापर वादळांवर फोडले जाते, पण ते अपुरे आहे. नदीच्या मुखाशी गाळ साचून बंदर उथळही होत होते. ज्या गाळाने कोरिंग्याची वाट बुजवली, त्याच गाळाने वाळूचा दांडा वाढवून काकीनाड्याला आसरा दिला. वादळ वाळू उधळते, दांडा फोडते, कधी वाळू आत ढकलते. पण ही झीज भरून येते ती नदीकडून. म्हणून वादळानंतर किनारा सावरणार की नाही, हे बरेचसे वरच्या खोऱ्यात ठरते.

वरच्या खोऱ्यात मात्र मोठा बदल झाला. खालच्या भागातला धवळेश्वरमचा बंधारा 1852 मध्येच पूर्ण झाला होता. वर 1976 मध्ये पैठणच्या जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले आणि इतर धरणेही होत गेली. 1970 च्या दशकाच्या तुलनेत 1990 च्या दशकात गोदावरीतून समुद्रापर्यंत जाणारा तरंगता गाळ सुमारे 40 टक्क्यांवर आला. मराठवाड्याचा गाळ बारीक, काळ्या मातीचा. त्याने वाळूचा दांडा कसा घडेल, हा आक्षेप अंशतः खरा आहे. पण दांड्यामागच्या खारफुटीला आधार देतो तो हाच चिखल, आणि सतत खचणाऱ्या त्रिभुज प्रदेशाची उंची राखतो तोही हाच. जाड वाळूचे म्हणाल, तर गोदापात्रातला बेसुमार उपसा तीही कमी करतो.

दुष्काळी मराठवाड्याने धरणे सोडावीत, असे कोणी म्हणू शकत नाही. तहानेपुढे दूरचा किनारा दुय्यम ठरणे स्वाभाविक आहे. पण धरणात अडकलेला गाळ जायकवाडीची साठवणही घटवतो, म्हणजे तोटा दोन्ही टोकांना होतो. गोदावरी लवादाने 1980 मध्ये राज्याराज्यांत पाणी वाटले. आता नदीचा हिशेब मांडताना पाण्याइतकाच गाळही मोजला पाहिजे, कारण वादळ थोपवणे कोणाच्याच हाती नसले, तरी किनाऱ्याला झीज भरून काढण्याचे बळ देणे आपल्या हाती आहे.