जनावर गेल्याचं दुःख: जुनं आहे, खरं आहे, आणि त्यावर उतारा आहे

‘बैलच तर होता, दुसरा आणू.’ ‘एका कुत्र्यापायी एवढं काय मनाला लावून घ्यायचं?’

घरातलं जनावर गेलं की ही वाक्यं हमखास कानावर पडतात. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण ऐकणारा गप्प होतो. काही दिवसांनी तोच माणूस दवाखान्यात येतो. झोप लागत नाही, भूक मेली आहे, छातीत धडधडतं, कशातच मन लागत नाही. बीपी तपासलं जातं, ईसीजी काढला जातो. दोन आठवड्यांपूर्वी बैल गेला किंवा दहा वर्षं दारात बसणारं कुत्रं गेलं, हे मात्र तो सांगत नाही. डॉक्टर हसतील अशी भीती वाटते.

परतूर तालुक्यातल्या आमच्या आष्टीसारख्या गावात ‘पेट’ हा शब्द अजून शहरी वाटतो. इथे गोठ्यातला बैल, दुभती गाय, राखणीचं कुत्रं, चुलीजवळची मांजर अशी घरातली माणसंच असतात. ती गेली तर रडणं म्हणजे शहरी थेरं, असं काही जणांना वाटतं. खरं काय आहे ते समजण्यासाठी आज आपण औषधांकडे नंतर आणि इतिहासाकडे आधी जाऊ.

चौदा हजार वर्षांपूर्वीचं पिल्लू

जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ मध्ये एक जुनं दफन सापडलं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रा होता. हे दफन सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं आहे. म्हणजे शेती सुरू होण्याच्याही आधीचं. २०१८ मध्ये त्या कुत्र्याच्या दातांचा पुन्हा अभ्यास झाला. तेव्हा संशोधकांनी निष्कर्ष काढला की ते काही महिन्यांचं पिल्लू होतं आणि त्याला बहुधा डिस्टेंपर झाला होता. या आजारात पिल्लू काही दिवसांत दगावतं. हे पिल्लू मात्र कित्येक आठवडे जगलं, म्हणजे कुणीतरी त्याला खाऊपिऊ घालत होतं, ऊब देत होतं. आजारी पिल्लाचा शिकारीला किंवा राखणीला काहीच उपयोग नव्हता, तरी माणसांनी त्याला जपलं आणि पुढे माणसांबरोबर पुरलं.

आपल्याकडे काश्मीरमधल्या बुर्झाहोम या नवाश्मयुगीन गावातही कुत्र्यांची दफनं सापडली आहेत. इजिप्तबद्दल ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलं आहे की घरातली मांजर मेली की घरातले लोक भुवया काढत आणि कुत्रा मेला तर डोक्यासकट सगळं अंग भादरत. आपल्याकडे घरातलं माणूस गेल्यावर केस काढतात, ते आठवून पाहा.

‘काळी’चा दगड

आता आपल्या जवळच्या इतिहासाकडे येऊ. वेरूळचं कैलास लेणं ज्या राष्ट्रकूटांच्या काळातलं, त्यांचं राज्य मराठवाड्यापासून कर्नाटकापर्यंत पसरलेलं होतं. त्यांचा राजा तिसरा कृष्ण याने चोळांविरुद्ध तक्कोलमची लढाई जिंकली. या लढाईत मणलेर नावाच्या योद्ध्याने मोठा पराक्रम केला. राजा प्रसन्न झाला आणि ‘काय हवं ते माग’ म्हणाला. मणलेराने राजाचा ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागितला.

पुढे या कुत्र्याची एका मोठ्या रानडुकराशी झुंज झाली आणि त्यात दोघंही मेले. मणलेराने देवळासमोर कुत्र्याच्या स्मरणार्थ दगड उभा केला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. दगडाची पूजा केल्याशिवाय तिथल्या पुजाऱ्याने जेवू नये, अशी ताकीदही कोरून ठेवली. हा आतकूरचा शिलालेख इसवी सन ९४९-५० च्या सुमाराचा आहे. मूळ जागा आजच्या कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात. शिळेवर कुत्रा आणि डुक्कर यांची झुंज कोरलेली आहे.

डॉक्टर म्हणून मला यात तीन गोष्टी दिसतात. मणलेराने कुत्र्याचं नाव टिकवलं, त्याला एक जागा दिली आणि आठवणीचा रोजचा नेम घालून दिला. पुढे उपायांच्या वेळी याच तीन गोष्टी पुन्हा येणार आहेत.

माहुलीचा खंड्या आणि आळ्याचा रेडा

साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा नद्या मिळतात. तिथे छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे आणि त्यांच्या ‘खंड्या’ या लाडक्या कुत्र्याचीही. शिकारीत वाघापासून या कुत्र्याने महाराजांचा जीव वाचवला, असं सांगतात. साताऱ्यात कामाला असलेल्या ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात महाराजांनी या कुत्र्याला जरीचे कपडे आणि दागिने घालून दरबारात आणल्याची, त्याच्या नावे जहागीर आणि पालखीचा मान दिल्याची हकीकत आहे. शाहू महाराजांचं बालपण आणि तारुण्य, १६८९ ते १७०७, मोगलांच्या कैदेत गेलं होतं. ज्याने जीव वाचवला त्याचे उपकार त्यांनी उघडपणे मानले, दरबार काय म्हणेल याची पर्वा केली नाही.

रायगडावरच्या वाघ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्या गोष्टीला समकालीन कागदपत्रांचा आधार सापडत नाही असं अनेक इतिहासकार सांगतात आणि त्यावरून वादही झाले आहेत. त्या वादात इथे शिरायला नको. धन्यामागे जीव देणाऱ्या कुत्र्याची गोष्ट लोकांनी इतकी मनापासून धरून ठेवली, एवढं आपल्या विषयाला पुरे.

वारकऱ्यांना तर वेगळं सांगायला नको. ज्ञानेश्वर माउलींनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले असं आपण मानतो, त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी आहे. पखाल वाहणाऱ्या एका रेड्याच्या समाधीपुढे माणसं आजही डोकं टेकवतात. महाभारतात युधिष्ठिर सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो, हेही आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. मग ‘कुत्र्यासाठी रडायचं का’ हा प्रश्न आपल्या परंपरेतून आलेला दिसत नाही.

शेतकऱ्याच्या बैलाचं काय?

राजाच्या कुत्र्याला समाधी मिळाली. साध्या शेतकऱ्याच्या बैलाला जिवंतपणी मान मिळाला. श्रावण अमावस्येचा पोळा, आदल्या दिवशीची खांदमळणी, तुपाहळदीने चोळलेले खांदे, पाय धुऊन घातलेली पुरणपोळी हे सगळं आपण करतो. पण बैल मेल्यावर काय, याचा रिवाज गावगाड्यात जवळजवळ नव्हताच.

यामागे एक कडवट कारण आहे. मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम गावगाड्याने महार समाजावर लादलेलं होतं. धन्याच्या डोळ्यांतलं पाणी वेशीपर्यंतच. पुढे त्या देहाचं काय होतं ते त्याला पाहावं लागत नसे, आणि ज्यांना ते करावं लागे त्यांच्या वाट्याला विटाळ आणि अपमान येई. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली जनावरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडून देण्याचं आवाहन केलं. माणसाच्या सन्मानासाठी ते आवश्यकच होतं.

त्यातून एक न्याय्य गोष्ट घडली. ज्याचं जनावर, त्यानेच त्याला निरोप द्यायचा. आज शेताच्या बांधाजवळ जेसीबीने खड्डा घेतला जातो, अंगावर झूल किंवा नवं कापड घातलं जातं, हळदकुंकू वाहिलं जातं. एखाद्या शेतकऱ्याने बैलाचा दहावा-तेरावा घातल्याची बातमीही अधूनमधून पेपरात येते. काही लोक त्यावर हसतात. मला ते दुःख पचवण्याचं निरोगी लक्षण वाटतं.

२०२२ च्या लम्पीच्या साथीत असंख्य गोठे रिकामे झाले. सरकारने दुधाळ गाईसाठी ३० हजार, ओढकामाच्या बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये मदत ठरवली. ती गरजेची होती. पण चारा टाकायला पहाटे उठायची सवय, हाक मारल्यावर वळणारी मान, जोडीतल्या उरलेल्या बैलाने सोडलेली वैरण, या गोष्टी कुठल्याच पंचनाम्यात येत नाहीत.

वैद्यकशास्त्राला हे उशिरा समजलं

१९८९ मध्ये केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने एका प्रकारच्या दुःखाला नाव दिलं. मराठीत त्याला ‘मान्यता न मिळालेलं दुःख’ म्हणता येईल. जे उघडपणे बोलता येत नाही, ज्यासाठी सुतक नाही, सुट्टी नाही, भेटायला कुणी येत नाही, असं दुःख. पाळलेलं जनावर जाणं हे त्याचं ठळक उदाहरण. असं दुःख दाबलं जातं आणि म्हणून जास्त रेंगाळतं.

शरीराची बाजूही आहे. २०१५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात काम करणारं हेच संप्रेरक.

नातं तुटल्यावर हृदयावरही परिणाम होऊ शकतो. तीव्र मानसिक धक्क्याने हृदयाचा एक भाग तात्पुरता फुगतो आणि नीट आकुंचन पावत नाही. याला ‘ताकोत्सुबो’ म्हणतात. लक्षणं थेट हार्ट अटॅकसारखी असतात, पण रक्तवाहिनीत गुठळी नसते. २०१७ मध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ६१ वर्षांच्या महिलेची केस छापून आली. तिला हा त्रास तिचा कुत्रा गेल्यानंतर झाला होता. असा त्रास क्वचितच होतो आणि बहुतेक रुग्ण बरे होतात. तरी दुःखात छातीत दुखलं तर ‘मनाचं आहे’ म्हणून घरी बसू नका, लगेच ईसीजी काढा.

मग करायचं काय?

निरोप द्या. नाव घेऊन, घरच्यांना जमवून, दोन शब्द बोलून. पुरल्या जागी एखादं झाड लावा. गळ्यातली घुंगुरमाळ किंवा पट्टा लगेच फेकू नका.

ठरावीक दिवसांची तयारी ठेवा. बैल गेल्यानंतरचा पहिला पोळा जड जातो. त्या दिवशी मातीच्या बैलांबरोबर गेलेल्या बैलाचंही नाव घ्या. वर्षभराने रडू आलं तर घाबरू नका.

स्वतःला दोष देणं थांबवा. ‘आधी डॉक्टर बोलावला असता तर’ हा विचार जवळजवळ प्रत्येकाला छळतो. वेदना असह्य झाल्यावर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने शेवटचं इंजेक्शन दिलं असेल तर तो निर्णय त्याचे हाल संपवण्यासाठी होता, हे स्वतःला सांगा.

मुलांशी खरं बोला. ‘पळून गेला’ असं सांगितलं तर मूल वाट पाहत राहतं. ‘झोपला’ म्हटलं तर त्याला स्वतःच्या झोपेची भीती बसू शकते. ‘तो मेला, आता परत येणार नाही, आपल्याला सगळ्यांनाच वाईट वाटतंय’ इतकं साधं सांगा.

एकट्या वृद्धांकडे लक्ष द्या. कुत्र्यामुळे त्यांचं फिरणं, जेवणाच्या वेळा, दिवसभरातलं बोलणं चालू असतं. कुत्रं गेलं की हे सगळं एकदम थांबतं. बीपी-शुगरच्या गोळ्याही चुकतात.

संसर्गाची काळजी घ्या. कुत्रं विचित्र वागून, लाळ गाळून मेलं असेल आणि घरात कुणाला चावलं, ओरखडलं किंवा त्याची लाळ जखमेला लागली असेल तर जखम १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी सरकारी दवाखान्यात जा. जनावर अचानक मेलं आणि नाकातून किंवा गुदद्वारातून रक्त आलं तर फाशी म्हणजेच अँथ्रॅक्सचा संशय धरा. हात लावू नका, चिरू नका, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. एरवीही खड्डा खोल घ्या, चुना टाका, विहिरीपासून लांब ठेवा.

डॉक्टरांकडे कधी यायचं? पहिले काही आठवडे रडू येणं, झोप मोडणं, घुंगरांचा भास होणं स्वाभाविक आहे. सहा महिन्यांनंतरही रोजचं कामकाज जमत नसेल, दारू वाढली असेल, जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल तर वेळ घालवू नका. मरणाचे विचार येत असतील तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी या. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही. आणि आमच्याकडे आल्यावर जनावर गेल्याचं आधी सांगा. ते तुमच्या आजाराच्या माहितीत मोडतं.

शेजारच्याचं जनावर गेलं तर ‘दुसरं आणू’ हे वाक्य थोडे दिवस बाजूला ठेवा. त्याच्या ओट्यावर जाऊन बसा आणि विचारा, ‘नाव काय होतं त्याचं? किती वर्षं होता तुमच्याकडे?’ मग तो सांगेल ते ऐकून घ्या.