पुन्हा नीट द्यायची का?

परवा पिंगळीला दादाच्या घरी बसलो होतो. पुतणीचं 2025 च्या नीटमध्ये सरकारी एमबीबीएस थोडक्यात हुकलं. दादा म्हणाला, "तू शिकलेला हायेस, तूच सांग. अजून एक वर्ष लातूरला ठेवू का आयुर्वेदाला टाकू?" मला लगेच काही बोलता आलं नाही. घरी आल्यावर या परीक्षेचा मागचा हिशोब मांडून बसलो. तुमच्याही घरात हाच प्रश्न असेल, म्हणून लिहितोय.

एकेकाळी बारावीच्या मार्कांवर मेडिकल मिळायचं. नंतर राज्याची सीईटी आली. 2013 ला देशभर पहिली नीट झाली आणि 18 जुलै 2013 ला सुप्रीम कोर्टाने ती रद्द ठरवली. 2014 आणि 2015 ला आपल्याकडे परत सीईटी. म्हणजे 2013 ला हुकलेल्या ज्या लेकरांनी वर्षभर थांबायचं ठरवलं, त्यांच्यापुढे दुसरीच परीक्षा येऊन उभी राहिली.

2016 तर विचारूच नका. 28 एप्रिलला कोर्ट म्हणालं, नीटच पाहिजे. 5 मे ला राज्याची सीईटी झाली, पण ती धरणार का नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. 24 मे ला केंद्राने अध्यादेश काढला तेव्हा त्या वर्षापुरता जीव भांड्यात पडला. 2017 पासून मात्र नीटच.

आपल्या मराठवाड्याचं दुखणं वेगळं होतं. 70:30 चा नियम होता: 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना. आपल्याकडे कॉलेजं कमी, त्यामुळे आपल्या पोरांना तेवढ्याच मार्कांवर जागा मिळायची नाही. सप्टेंबर 2020 मध्ये तो नियम गेला. 2023 ला परभणीतच 100 जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं. मार्च 2022 मध्ये वयाची वरची अटही काढली. या तीन गोष्टी पुन्हा बसणाऱ्यांच्या बाजूच्या.

आता उलटी बाजू. ओपनची पात्रतेची खालची रेषा 720 पैकी 2023 ला 137 होती, 2024 ला 162, आणि 2025 ला 144. 2024 ला 67 जणांना पैकीच्या पैकी असल्याचा निकाल लागला होता. 2025 ला देशात पहिल्या आलेल्याला 686. म्हणून "मागच्यापेक्षा 50 मार्क वाढवते" या बोलण्याला फारसा अर्थ नाही. पेपर सोपा निघाला तर सगळ्यांचेच वाढतात. बघायची ती रँक. 2024 च्या पेपरफुटीत तर पोरांनी अभ्यास करायचा का कोर्टाच्या तारखा बघायच्या, हेच कळंना. शेवटी 23 जुलैला कोर्टाने सगळ्यांची फेरपरीक्षा नाकारली.

हे सगळं घेऊन रविवारी परत पिंगळीला गेलो. दादा सोयाबीनचा हिशोब सांगत होता: क्लास, होस्टेल, मेस. मी पुतणीला म्हणलं, "तुझं तू सांग." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, मला डॉक्टर व्हायचंय म्हणून बसायचंय का गावातले काय म्हणतील म्हणून, हेच मला समजंना गेलंय."

इतके दिवस आम्ही मोठी माणसं मार्कच मोजत होतो. हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही तिला विचारला नव्हता.

शेवटी तिनेच ठरवलं. एकदाच बसणार, लातूरला नाही, घरी राहून. चुकलेल्या प्रश्नांची वही केलीय. बरेचसे फिजिक्सचे निघाले, आणि ते सुधारता येतात असं तिला वाटतंय. पुढच्या वर्षी रँक काहीही येवो, मिळेल त्या कोर्सला जायचं, तिसऱ्यांदा नाही. दादाने मान हलवली. वहिनी उठून चहा ठेवायला गेल्या, डोळे पुसत.

तिचं बरोबर का चूक, मला माहीत नाही. नियम आपल्या हातात नाहीत, ते कधीही बदलतात हे वरच्या तारखा सांगतातच. पण कधी थांबायचं हे लेकराला आधीच ठरवू द्या. आणि क्लासच्या बॅनरवरचे फोटो बघून तर ठरवूच नका. त्या बॅनरवर हुकलेल्यांचे फोटो नसतात.

तुमच्या घरी काय ठरलं, खाली लिहा. पुतणीला वाचून दाखवीन.