विद्यापीठात बाई आली. अभ्यासक्रमात कधी आली?

१९२१ साली पुण्याच्या महिला विद्यापीठातून पहिल्या पाच जणी पदवीधर झाल्या. त्यांच्या पदवीचे नाव बी.ए. नव्हते, ते होते ‘गृहीतागमा’. आज या शब्दाचा अर्थ सांगू शकणारे फार थोडे सापडतील. थ्रेड त्या शब्दापासून सुरू होतो.

धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये जपानमधील महिला विद्यापीठाचा आदर्श पुढे ठेवून हे विद्यापीठ स्थापन केले. स्त्री-पुरुषांची कार्ये भिन्न, म्हणून शिक्षणही काहीसे भिन्न असावे, ही त्यांची भूमिका. त्यामुळे अभ्यासक्रमात गृहजीवनशास्त्र आले. आज यावर नाक मुरडणे सोपे आहे. मात्र मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचा निर्णयही त्याच योजनेतला, आणि इंग्रजीच्या उंबरठ्यावर अडलेल्या कित्येक मुलींना त्यानेच आत घेतले. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली व त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव विद्यापीठाला लाभले. कायद्याने मान्यता मिळायला मात्र १९५१ उजाडले.

पुढे विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईत आले. नंदाखाल-आगाशीकडची मुलगी आज विरार लोकलने चर्चगेटला उतरून चालत ज्या एस.एन.डी.टी.त पोहोचते, ते हेच.

येथे १९५४ मध्ये समाजशास्त्र शिकवू लागल्या नीरा देसाई. ‘छोडो भारत’ चळवळीसाठी त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण अर्ध्यावर सोडले होते, नंतर एम.ए.साठी विषय घेतला तो भारतीय स्त्रीच्या स्थितीचा. त्यावरील इंग्रजी पुस्तक १९५७ मध्ये निघाले. स्त्रीमुक्ती चळवळीची लाट अजून यायची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचे मोल कळते.

समाजशास्त्राच्या पुस्तकांत तोवर बाई भेटे ती बहुधा ‘कुटुंब आणि विवाह’ या प्रकरणात. कामगार, शेतकरी, मतदार म्हणून ती जवळपास नव्हतीच. १९७४ मध्ये देसाईंनी एस.एन.डी.टी.त स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू केले. त्याच वर्षअखेरीस ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा सरकारी समितीचा अहवाल सादर झाला. १९०१ मध्ये हजार पुरुषांमागे ९७२ असलेल्या स्त्रिया १९७१ मध्ये ९३० उरल्या होत्या. महाविद्यालयांत मुली वाढत होत्या आणि देशात स्त्रिया घटत होत्या! पदव्यांची मोजदाद करून स्त्रीशिक्षणाचे यश सांगणे आता अवघड झाले.

एप्रिल १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद एस.एन.डी.टी.तच भरली; १९८२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. पुढे अन्य विद्यापीठांतही अशी केंद्रे निघाली. त्यांपैकी पुणे विद्यापीठातील केंद्राची धुरा पुढे सांभाळणाऱ्या शर्मिला रेगे याही समाजशास्त्रज्ञच. त्यांनी या नव्या ज्ञानशाखेलाच प्रश्न केला : ही ‘स्त्री’ कोणत्या जातीची? २००६ मध्ये त्यांनी मराठीतील दलित स्त्रियांची आत्मकथने इंग्रजीत आणली, आणि ती केवळ कहाण्या म्हणून न वाचता सामाजिक ज्ञान म्हणून वाचली.