साण्यातला उजेड

लातूर जिल्ह्यातल्या वास्तूंचे जुने फोटो शोधायला बसलं की देवळं, लेणी आणि किल्ले हाती लागतात. निलंग्याचं नीलकंठेश्वर सापडतं, खरोशाची लेणी सापडतात, औसा आणि उदगीरचे बुरूज सापडतात. घर मात्र क्वचित. या मुलखातली शेतकरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ज्या माळवदाखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली, राहिली, ते माळवद बाहेरच्या जगाने पाहिलं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर, आणि तेही ढिगारा म्हणून. देऊळ थोर आणि घर सामान्य, म्हणून असं झालं, हे नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. इथल्या वास्तूंपैकी कोणती कागदावर उरली आणि कोणती निसटली, याचा निवाडा मोठ्या प्रमाणात उजेडाने केला, असं माझं मत आहे.

हा मुलूख निजामाच्या राज्यात असताना पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेसने १८७५-७६ च्या हंगामात निजामाच्या बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांची पाहणी केली आणि १८७८ मध्ये तिचा अहवाल छापला. पुढे १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं पुरातत्त्व खातं सुरू झालं आणि गुलाम यझदानींनी ते जवळजवळ तीस वर्षं चालवलं. या दोन टप्प्यांच्या मधे, १८८० च्या दशकात, लाला दीनदयाळ हैदराबादला आले. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला आणि सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढलेला हा माणूस सहाव्या निजामाचा छायाचित्रकार झाला. इमारतीचा फोटो कसा घ्यायचा याची एक रीत त्या काळात पक्की झाली होती. कॅमेरा कोपऱ्यासमोर लावायचा, म्हणजे दोन बाजू एकदम दिसतात. उभ्या रेषा उभ्याच राहतील असं भिंग सरकवायचं. मापासाठी एक माणूस उभा करायचा, आणि ऊन तिरपं होईपर्यंत थांबायचं. निलंग्याच्या देवळाला ही रीत मापून शिवल्यासारखी बसते. काळा पाषाण उजेड पिऊन टाकतो. भर दुपारी सुरसुंदरींचे चेहरे कपोताच्या, म्हणजे वरच्या दगडी छज्जाच्या, सावलीत बुडतात आणि खालची भिंत सपाट वाटू लागते. तेच सकाळी आठ-नऊच्या उन्हात कोनाकोनाने मोडत गेलेल्या त्या भिंतीचा एकेक कंगोरा सुटा होतो. घडवणाऱ्यानेही दगड असा मोडला तो सूर्य फिरतो हे धरूनच. कॅमेऱ्याला इथे रचना शोधावी लागली नाही, दगडातच ती तयार होती.

खरोशाला अडचण सुरू होते. ही लेणी जांभ्यात खोदलेली आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोच्या काचेला निळा रंग लगेच दिसायचा, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे आकाश पांढरं फटक यायचं आणि तांबडा दगड, त्यात तो आतल्या अंधारात, काळाठिक्कर. मग माळवदाच्या घराची गोष्टच सोडा. त्याच्या दगड-मातीच्या भिंती दोन ते चार फूट जाडीच्या. गावाकडे फिरवलेली कोरी पाठ, तिला खिडकी नाही, असलाच तर एखादा झरोका. आत लाकडी खांब, तुळया, वर कडीपाट, आणि त्यावर दीड-दोन फूट, कधी त्याहून जास्त, मातीचा थर. आतल्या खोल्यांना उजेड मुख्यतः एकाच ठिकाणाहून मिळायचा, छताला ठेवलेल्या भोकातून, म्हणजे साण्यातून. सकाळी त्यातून आलेला कवडसा पश्चिमेच्या भिंतीवर, धान्याच्या बळदाच्या तोंडाशी पडतो. मग तो सारवलेल्या भुईवर उतरतो, दिवसभर सरकत राहतो आणि उन्हं कलली की पूर्वेच्या भिंतीवर चढतो. चूल पेटली की धूर त्याच कवडशातून वर जाताना दिसतो. पाऊस आला की साण्यावर पत्रा झाकायचा, मग घरात दिवसाही दिवा. रस्त्यावरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, त्याच्यासमोर फक्त मातकट भिंत. अशा घराला कोपरा धरून तिरप्या उन्हात टिपलं तर फोटोत काय येणार?

यावर कोणी म्हणेल की तेव्हाच्या कॅमेऱ्याला अंधार टिपताच येत नव्हता, त्यात कोणाचा काय दोष? पण रॉबर्ट गिलने अजिंठा-वेरूळला घेतलेले फोटो जेम्स फर्ग्युसनच्या लेण्यांवरच्या पुस्तकात १८६४ मध्येच छापून आले, आणि त्यांत लेण्यांचे अंतर्भागही आहेत. काच वेळ देऊन उघडी ठेवली की अंधारही उमटतो. खांब हलत नाहीत, ते थांबायला तयारच असतात. म्हणजे अडचण होती, पण अशक्य काही नव्हतं. जिथे इच्छा होती तिथे वेळ दिला गेला. दुसरा आक्षेप नकाशाचा: मापं घेऊन आराखडा काढला की पुरे, फोटो कशाला? आराखडा खणांची संख्या सांगतो, दोन खांबांमधलं अंतर सांगतो. पण चौकातून ओसरीवर आणि ओसरीवरून माजघरात जाताना उजेड पायरीपायरीने कसा कमी होतो, हे तो सांगत नाही. आणि या घराची रचना म्हणतात ती हीच. उन्हाळ्यात गारवा कुठे, बाळंतिणीची खाट कुठे, धान्य कुठे, पाहुणा कुठवर येणार, हे सगळं त्या उतरत्या उजेडावर ठरलेलं असायचं.

मग अनंत चतुर्दशीची ती रात्र आली. विसर्जन करून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि सुमारे आठ हजार माणसं गेली. छत तोललेलं होतं खांबांवर. भिंतींचे दगड मातीत नुसते बसवलेले होते, ते सुटून पडले. भूकंपानंतर आलेल्या अभियंत्यांच्या फोटोंमध्ये काही ठिकाणी भिंत पूर्ण ढासळली आहे आणि लाकडी सांगाडा जागेवर उभा आहे. माळवदाच्या रचनेची इतकी स्वच्छ नोंद त्याआधी क्वचितच कोणी केली असेल. खांबावर तुळई कशी बसते, कडीपाटावर मातीचा थर केवढा आहे, सगळं उघड्या आभाळाखाली, टळटळीत उन्हात. घरात उजेड शिरला तेव्हा घर उरलं नव्हतं. गवताच्या छपराखाली राहणारे त्या रात्री तुलनेने बचावले असंही तेव्हा सांगितलं गेलं. त्या छपरांचे फोटो तर माळवदाहूनही दुर्मीळ आहेत.

सगळ्यात जड आक्षेप इथेच उभा राहतो. ज्या घराने माणसं मारली, ज्या धुराने बायकांचे डोळे गेले, त्याच्या अंधाराचं कौतुक कशाला? हा प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवता येणार नाही, बसवूही नये. पुनर्वसनात मिळालेल्या पक्क्या घरांच्या खिडक्या ही मोठी मिळकत आहे आणि साणं परत बांधावं असं कोणी म्हणू नये. पण जे घर धोकादायक होतं तेही शेकडो वर्षांच्या राहणीचं घर होतं. त्याची नोंद फक्त त्याच्या मरणाच्या दिवशीची असणं हा त्यात राहिलेल्यांवर अन्याय आहे. औसा, निलंगा, उदगीर तालुक्यांत काही माळवदं अजून उभी आहेत. बरीच बंद आहेत, काहींच्या साण्यावर कायमचा पत्रा ठोकलेला आहे. आजचा कॅमेरा अंधारातही पाहतो, तेव्हा जुनी सबब उरलेली नाही. मात्र आत मोठे दिवे लावून सगळं लख्ख केलं तर भलत्याच घराचा फोटो येईल. पत्रा काढायला सांगावा, तिवई माजघराच्या कोपऱ्यात लावावी आणि कोपरे काळे राहू द्यावेत. कवडसा मधल्या खांबाच्या उथाळ्याला टेकतो तो थोडाच वेळ, दुपारच्या सुमाराला. त्याच्या आधी तयार राहावं लागतं.